यात्रेकरूंच्या वाटेवरील माउली : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर

काशीस श्री विश्वनाथाचे दर्शन घेतलेला, गयेस विष्णुपदी पिंडदान केलेला किंवा वेरूळी श्री घृष्णेश्वरापुढे नतमस्तक झालेला भाविक नकळत एकाच व्यक्तीच्या ऋणात असतो. ही मंदिरे पुन्हा उभी राहिली ती माळव्याच्या अहिल्यादेवी होळकर यांच्या द्रव्यामुळे आणि दूरदृष्टीमुळे. महडच्या श्री वरदविनायकाचे दर्शन घेऊन मोहोपाडा परिसरात येणाऱ्या यात्रेकरूंना येथे एक योगायोग सांगावासा वाटतो. आपल्या खालापूर तालुक्यातील महडचे मंदिर सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले ते १७२५ साली. आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी अहिल्यादेवींचा जन्म झाला.

जन्मगाव चौंडी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. राजघराण्याशी काहीही संबंध नसलेल्या या कन्येस पेशव्यांचे मातब्बर सरदार मल्हारराव होळकर यांनी पाहिले आणि १७३३ साली आपले पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह करून तिला इंदुरास नेले. पुढे मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्यादेवींची तिशीही तेव्हा पूर्ण झाली नव्हती. रूढीप्रमाणे त्या सती जावयास निघाल्या असता वृद्ध मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. मल्हाररावांनी आयुष्यात अनेक लढाया जिंकल्या, परंतु त्यांच्या हातून घडलेले सर्वांत मोठे कार्य हेच, असे आम्हांस वाटते.

सुनेचा जीव वाचवून ते थांबले नाहीत. त्यांनी तिला कारभारात घेतले. वसुली, हिशेब, फौजेची रसद हे सारे तिच्या हाती येऊ लागले. १७६५ साली मल्हारराव मोहिमेवर असता त्यांनी सुनेस पत्राने कळविलेल्या कामांत तोफखाना आणि दारूगोळा यांची तजवीज होती. २० मे १७६६ रोजी मल्हारराव आलमपूर येथे निवर्तले. गादीवर आलेले अहिल्यादेवींचे पुत्र मालेराव हेही १७६७ साली कालवश झाले. पती, श्वशुर आणि एकुलता एक पुत्र, तिघेही गेले.

अशा समयी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला आणि राघोबादादांना फौजेसह माळव्यात बोलावणे पाठविले. अहिल्यादेवींनी शिंदे, गायकवाड आदी सरदारांकडे साहाय्य मागितले व स्वतः युद्धाची सिद्धता केली. स्त्रीचा पराभव करून कीर्ती वाढत नाही आणि तिच्याकडून हार झाली तर तोंड दाखविता येत नाही, अशा आशयाचा निरोप त्यांनी दादासाहेबांना धाडल्याची हकीकत परंपरेने प्रसिद्ध आहे. दादासाहेब समाचारास आल्याचे सांगून माघारी गेले. माधवराव पेशव्यांनी अहिल्यादेवींच्या कारभारास मान्यता दिली. फौजेचे नेतृत्व तुकोजी होळकर यांजकडे आणि राज्याचा कारभार बाईंकडे, अशी वाटणी ठरली व ती जवळजवळ अठ्ठावीस वर्षे टिकली. ती सुखाची होती असे मात्र नाही. मोहिमांच्या खर्चावरून व हिशेबावरून दोघांत वारंवार खटके उडत.

हिशेबाचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे अगत्याचे आहे. होळकरांच्या उत्पन्नात दौलत आणि खासगी असे दोन स्वतंत्र विभाग होते. खासगीची जहागीर पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे करून दिली होती. त्यांच्या पश्चात ती अहिल्यादेवींकडे आली. या खासगीवर तुळशीपत्र ठेवून बाईंनी ती कृष्णार्पण केली, असे सांगतात. मंदिरे, घाट, धर्मशाळा यांचा भार त्यांनी मुख्यत्वे या खासगीवर ठेवला. काशी विश्वनाथाचे मूळ मंदिर १६६९ साली पाडले गेले होते. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १७८० च्या सुमारास, आजचे मंदिर उभे राहिले. प्रभासपाटण येथे मूळ भग्न मंदिरानजीक त्यांनी १७८३ साली सोमनाथाचे नवे मंदिर बांधविले व शिवलिंगाची स्थापना सुरक्षिततेसाठी तळघरातील गर्भगृहात केली. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ सालचे. यांतील बहुतेक ठिकाणे होळकरांच्या हद्दीबाहेर होती. आपल्या प्रजेकडून कर येत नाही त्या मुलखातही त्यांनी धर्मकार्य केले, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे.

मंदिराच्या शिखराचा खर्च उचलण्यात दात्यास जो आनंद वाटतो, तो नंदादीपाच्या तेलाचा खर्च उचलण्यात सहसा वाटत नाही, असा कोणत्याही देवस्थानच्या कार्यालयाचा अनुभव आहे. अहिल्यादेवींचे मोठेपण आम्हांस येथे विशेष जाणवते. बांधकाम पूर्ण झाल्यावर त्या पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती आणि सदावर्त यांसाठी नेमणूक बांधून देत. दक्षिणेतील दूरदूरच्या देवस्थानांना अभिषेकासाठी गंगोदकाच्या कावडी त्यांच्या खर्चाने जात. तीर्थास जाणारा मनुष्य वाटेत थकतो, त्याला पाणी, सावली आणि रात्रीचा निवारा लागतो, याचा विचार त्यांनी मंदिराइतकाच केला. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी देण्यास माणसे नेमलेली असत. शेतात राबणाऱ्या बैलांनाही पाणी पाजले जाई. पाखरांना शेतकरी पिकावरून हुसकावतात, म्हणून उभी शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी ठेविली जात. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणवीसांनी बांधविलेले महादेवाचे मंदिर व विस्तीर्ण तलाव आपल्या परिसरातील अनेकांनी पाहिला असेल. घाट चढणाऱ्यास पाणी मिळावे ही त्या काळच्या कर्त्या माणसांची दृष्टी होती. अहिल्यादेवींनी ती अवघ्या भरतखंडभर नेली.

राजधानी त्यांनी नर्मदातीरी महेश्वर येथे केली. तेथे घाट बांधले, विणकर आणून वसविले. महेश्वरी साडीची कीर्ती तेव्हापासूनची. पहाटे उठून स्नान, पूजा, पुराणश्रवण व दानधर्म, भोजनानंतर दुपारपासून सायंकाळपर्यंत दरबार, आणि रात्री पुन्हा कागदपत्रे, असा त्यांचा दिनक्रम होता. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. सामान्य रयतेचेही गाऱ्हाणे स्वतः ऐकत. डोंगरातील भिल्ल वाटसरूंना लुटत, त्यांचा प्रथम बंदोबस्त केला. पुढे मात्र त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर भिलकवडी नावाचा किरकोळ कर घेण्याचा हक्क त्यांना मान्य करून, त्याच वाटांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांजवर सोपविली.

या कर्तृत्ववान स्त्रीस घरात मात्र सुख लाभले नाही. कन्या मुक्ताबाई यांचा पुत्र अकाली गेला व १७९१ साली जामात यशवंतराव फणसे निवर्तले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. अहिल्यादेवींनी कन्येची परोपरीने विनवणी केली, परंतु व्यर्थ. श्वशुरांनी ज्या मार्गावरून आपणांस परत आणले, त्यावरून स्वतःच्या कन्येस त्या परत आणू शकल्या नाहीत. चितेपर्यंत त्या सोबत गेल्या. त्यांना दोघांनी धरून ठेवावे लागले. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. त्यानंतर पुन्हा कारभार सुरू झाला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला.

एका विद्वान ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीपर ग्रंथ रचून आणला होता. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक दुबळी, पापी स्त्री असल्याचे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकण्याची आज्ञा केली. ग्रंथकाराची त्यांनी पुढे दखलही घेतली नाही. ही हकीकत, तसेच वर दिलेला दिनक्रम व पाण्याची व्यवस्था, सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या माळव्याच्या वृत्तांतात आढळते. होळकरांच्या आश्रितांकडून ऐकलेली स्तुती अतिशयोक्त असावी, अशी त्यास प्रथम शंका आली. म्हणून त्याने इतर लोकांकडे चौकशी केली. बाईंना जाऊन तेव्हा जेमतेम पाव शतक झाले होते आणि त्यांना पाहिलेली माणसे हयात होती. त्या सर्वांनी त्यास तेच सांगितले.