समुद्रमाता डॉ. कॅथलीन ड्र्यू-बेकर

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. संत, वीर आणि देशभक्त यांची चरित्रे आपणां सर्वांस परिचित आहेत. म्हणून या खेपेस एका परदेशस्थ विदुषीची ओळख करून देण्याचे योजिले आहे. ज्या देशात तिने कधी पाऊलही ठेवले नाही, त्या जपानात तिला समुद्रमाता म्हणून वंदन केले जाते; आणि हा मान तिला मिळाला तो समुद्रातील शेवाळाच्या अभ्यासामुळे.

कॅथलीन मेरी ड्र्यू हिचा जन्म ६ नोव्हेंबर १९०१ रोजी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ली या गावी झाला. शालेय शिक्षण सॉल्झबरी येथे झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ती मँचेस्टर विद्यापीठात दाखल झाली आणि १९२२ साली वनस्पतिशास्त्राची पदवी तिने प्रथम वर्गात संपादन केली. त्याच विद्यापीठात तिची अध्यापनाच्या कामावर नेमणूक झाली. पुढे १९२५ साली कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती मिळून ती दोन वर्षे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात राहिली. वनस्पतींचे नमुने गोळा करण्यासाठी तिने हवाई बेटांपर्यंत प्रवास केला. सूक्ष्म तांबड्या शैवालांच्या काही प्रजातींची फेरमांडणी करणारा तिचा ग्रंथ १९२८ साली तेथूनच प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी तिचा विवाह हेन्री राइट-बेकर या यंत्रशास्त्राच्या अध्यापकाशी झाला. विवाहित स्त्रीस नोकरीत ठेवावयाचे नाही, असा विद्यापीठाचा त्या काळी दंडक होता. त्यानुसार तिची नोकरी गेली. पतीची नोकरी अर्थातच राहिली, हे निराळे सांगावयास नको.

येथे मला माझी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या हाताखाली शिकलेली आपल्याच समाजातील एक मुलगी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षास असताना तिचे लग्न ठरले आणि कॉलेज बंद झाले. मास्तरांनी चार शब्द सांगावे म्हणून तिने मला निरोप धाडला होता. मी तिच्या वडिलांकडे गेलो, चहा घेतला, पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या आणि विषय न काढताच परत आलो. कॅथलीनबाईंचे चरित्र वाचताना मला त्या मुलीची वारंवार आठवण झाली.

बाईंनी मात्र प्रयोगशाळेचा उंबरठा सोडला नाही. पगाराच्या जागेवाचून, केवळ संशोधक म्हणून त्या तेथेच काम करीत राहिल्या. दोन मुलांचे संगोपन केले आणि १९३९ साली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवीही मिळविली. पतीचीही साथ होती. समुद्राची भरती-ओहोटी प्रयोगशाळेतच निर्माण करणारी टाकी त्यांनी पत्नीसाठी बनवून दिली.

आता ज्या शोधाने त्यांचे नाव अजरामर झाले त्याकडे वळू. पॉर्फिरा नावाचे एक तांबूस-जांभळे, कागदासारखे पातळ समुद्रशैवाल आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावरही पावसाळ्यात खडकांवर त्याचे भाईबंद आढळतात. वेल्समधील लोक ते शिजवून खातात. जपानात याच जातकुळीच्या शैवालाचे वाळविलेले पापुद्रे नोरी या नावाने घरोघरी भातासोबत खाल्ले जातात. तेथील कोळी शतकानुशतके उथळ समुद्रात बांबू रोवून किंवा जाळी बांधून नोरीचे पीक घेत असत. परंतु त्यांची अडचण मोठी विलक्षण होती. हिवाळ्यात हे शैवाल जाळ्यांवर उगवे आणि उन्हाळा आला की समूळ नाहीसे होई. मधल्या महिन्यांत ते कोठे जाते, त्याचे बी कोठे राहते, हे कोणासच ठाऊक नव्हते. आपल्या शेतकऱ्याने शेत नांगरून ठेवावे आणि बियाणे वाऱ्याबरोबर येईल म्हणून आकाशाकडे पाहत बसावे, तसाच हा प्रकार. लोक त्यास नशिबाचे गवत म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तर पीक बुडाले आणि किनाऱ्यावरील कुटुंबांची अन्नान्न दशा झाली.

तिकडे मँचेस्टरमध्ये बाईंना या संकटाची वार्ता नव्हती. पॉर्फिराचे बीजाणू पुढे कसे वाढतात, एवढाच त्यांचा प्रश्न होता. टाकीतील शिंपल्यांवर हे बीजाणू पडले, ते शिंपल्याच्या आत शिरले आणि तेथे गुलाबी रंगाच्या नाजूक तंतूंच्या रूपाने वाढू लागले. हे तंतू शास्त्रज्ञांस अपरिचित नव्हते. १८९२ सालीच त्यांचे वर्णन होऊन कॉन्कोसेलिस अशा स्वतंत्र नावाने त्यांची नोंद झाली होती. बाईंनी दाखवून दिले की ज्यांस आपण दोन वेगळ्या वनस्पती समजत होतो त्या एकाच जिवाच्या दोन अवस्था आहेत. सुरवंट आणि फुलपाखरू ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे समजणे जड जाऊ नये. ऑक्टोबर १९४९ मध्ये नेचर या साप्ताहिकात त्यांचा एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला.

तो शोध जपानात क्यूशू विद्यापीठातील सोकिची सेगावा यांच्यापर्यंत पोहोचला. तेथील नोरीही असाच शिंपल्यांत उन्हाळा काढते, हे त्यांच्या ध्यानी आले. कुमामोतो प्रांतातील फुसाओ ओता व इतर तज्ज्ञांनी या ज्ञानावर लागवडीची पद्धत बसविली. वसंतात कालवांच्या शिंपल्यांवर बीजाणू पेरावयाचे, ते शिंपले उन्हाळाभर जमिनीवरील टाक्यांत सांभाळावयाचे आणि शरदात पाणी थंड होऊन तंतूंतून नवे बीजाणू सुटू लागले की ते जाळ्यांवर धरून जाळी समुद्रात न्यावयाची. बियाणे हाती आल्यामुळे नोरीची शेती खरीखुरी शेती झाली. आज आपल्या शहरांतील उपाहारगृहांतही सुशी नावाचा जपानी पदार्थ मिळतो. त्याभोवतीचे काळसर वेष्टन ते हेच.

शास्त्रीय नावे मात्र तेव्हापासून पुष्कळ बदलली. गुणसूत्रांतील डी.एन.ए. तपासून २०११ साली पॉर्फिराच्या कुळाची मोठी फाळणी झाली आणि जपानी नोरी पायरोपिया या प्रजातीत गेली. पुढे तिचे पुनश्च बारसे झाले. बाईंनी अभ्यासिलेली जात मात्र पॉर्फिराच राहिली आहे.

बाईंचे एकूण ४७ शोधनिबंध प्रसिद्ध झाले. शैवालांच्या अभ्यासासाठी १९५२ साली ब्रिटनमध्ये जी परिषद स्थापन झाली तिच्या संस्थापकांत त्या होत्या व पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. परंतु १४ सप्टेंबर १९५७ रोजी, वयाच्या अवघ्या ५५व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. आपल्या शोधातून एवढा धनलाभ होईल याची त्यांना कल्पना नसावी. त्यातील एक पैही त्यांच्या घरी आली नाही.

त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, १९६३ साली, नोरी पिकविणाऱ्या लोकांनी वर्गणी काढून कुमामोतो प्रांतातील उतो येथे, आरिआके समुद्राकडे तोंड असलेल्या सुमियोशीच्या उद्यानात त्यांचे स्मारक उभारले. अनावरणाचा दिवस १४ एप्रिल होता. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांच्या जयंतीमुळे ही तारीख मुलांस सहज पाठ होईल. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी किनाऱ्यावरील कुटुंबे तेथे जमून बाईंचा स्मरणोत्सव करीत आली आहेत.