वेगाचा वारकरी

म्हातारपण माणसाला नक्की कधी येते? केस पांढरे झाले की येते, दात हलू लागले की येते, की गल्लीतली पोरे आजोबा म्हणून हाक मारू लागली की येते? एकोणीस वर्षांच्या मुलाने हा प्रश्न विचारावा याचे वाचकांना हसू येईल. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

आमच्या घरी एक जुनी फटफटी आहे. माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, विहिरींवरचे पंप दुरुस्त करतात. तीस वर्षे त्यांनी याच गाडीवरून पाने, पक्कड आणि आम्हा भावंडांना वाहिले. या दिवाळीत त्यांनी ती भंगारवाल्याला दाखविली. किलोचा भाव ठरला. कारण विचारले तेव्हा आप्पा म्हणाले की प्लगमधली फट आता डोळ्यांना दिसत नाही, किक मारली की गुडघा दुखतो. गाडी म्हातारी झाली आणि आपणही झालो. ते ऐकून मला रात्री झोप आली नाही. तेव्हा आठवण झाली ती एका परदेशी माणसाची. त्याच्यावरचा चित्रपट मी वसतिगृहातल्या मित्रांबरोबर पाहिला होता आणि मग त्याच्याविषयी मिळेल ते वाचीत गेलो होतो. त्याचे नाव बर्ट मन्रो. प्रस्तुत लेखात त्याच्या जीवनाची ओळख करून देण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.

न्यूझीलंड हा देश पृथ्वीच्या नकाशावर अगदी तळाशी आहे आणि त्या देशाच्याही तळाशी इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. त्या परिसरात २५ मार्च १८९९ रोजी एका शेतकरी कुटुंबात बर्टचा जन्म झाला. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच गेली. हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगून ठेवले होते. दोन वर्षांची मुदत मिळालेला हा जीव पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षे जगला. ज्याला जन्मतःच म्हातारा ठरविले होते, त्याने उतारवयात म्हातारपण मानले नाही, यात नवल ते काय!

घरी शेती होती, घोडे होते. पण मुलाचे मन शेतात रमले नाही. घोड्यावर बसला तरी त्याला तो भरधाव सोडावा असेच वाटे. अखेर १९२० साली, एकवीस वर्षांचा असताना, त्याने एक नवी कोरी मोटारसायकल विकत घेतली. तिचे नाव इंडियन स्काउट. हे नाव प्रथम वाचले तेव्हा ही आपल्या देशातली गाडी असावी असे वाटून माझी छाती फुगली होती. परंतु ते इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. ही कंपनी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी १९०१ साली सुरू झाली. स्काउट हे मॉडेल चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने आखले होते. दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके बसविलेले, इंजिन सुमारे ६०० सी.सी.चे, आणि वेग ताशी फार तर ८९ किलोमीटर. बर्टच्या गाडीच्या इंजिनाचा क्रमांक होता ५० आर ६२७. हा क्रमांक वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण त्याचे काम पुढे पडणार आहे.

एखाद्याने गाडी घेतली, चार वर्षे फिरविली आणि विकून नवी घेतली असती. बर्टने तसे केले नाही. १९२६ सालापासून त्याने या गाडीत फेरफार करायला सुरुवात केली आणि हे काम पुढे चाळीसहून अधिक वर्षे चालले. पोटापाण्यासाठी तो मोटारसायकली विकण्याचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय करी, आणि उरलेला वेळ आपल्या गाडीला देई. पैसा जवळ नव्हता. तयार सुटे भाग परवडत नव्हते, आणि परवडले असते तरी त्याला हवे होते तसे भाग कोणत्याही दुकानात मिळत नव्हते. म्हणून त्याने ते हाताने बनविले. पत्र्याच्या जुन्या डब्यांचे साचे करून त्यात धातू ओतून त्याने पिस्टन केले. बिडाच्या जुन्या नळातून सिलिंडर काढले. ट्रॅक्टरचा आस कापून, घासून कनेक्टिंग रॉड घडविले. सूक्ष्म मापे घेण्याचे महागडे यंत्र नव्हते, तर चाकाच्या जुन्या स्पोकपासून मापक बनविले. टायरची नक्षी सुरीने तासून ते गुळगुळीत केले. मूळ इंजिनाचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. ते त्याने डोक्यावर आणले, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा घेता यावा. ६०० सी.सी.चे इंजिन हळूहळू ९५० सी.सी.पर्यंत वाढले.

हे सारे पहिल्याच वेळी जमले असे मात्र कुणी समजू नये. पिस्टन फुटले, रॉड तुटले, इंजिने फाटली. एक भाग मोडला की बर्ट तो फेकून देत नसे. आपल्या खोलीतल्या फळीवर तो मांडून ठेवी, आणि ही वेगाच्या देवाला वाहिलेली भेट आहे अशा अर्थाची अक्षरे त्याने तेथे लिहून ठेवली होती. आपल्याकडे नापास झालेल्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका घरात लपविली जाते. या माणसाने आपल्या नापासीची आरास मांडली होती.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर लेख अपुरा राहील. या ध्यासाची किंमत एकट्या बर्टने मोजली नाही. १९२७ साली त्याचे लग्न झाले, चार मुले झाली, आणि १९४७ साली घटस्फोट झाला. त्यानंतर तो एका लहानशा गॅरेजमध्ये राहू लागला. तीच कार्यशाळा, तेच स्वयंपाकघर, तेच शयनगृह. नोकरीही सोडली आणि सारा दिवस गाडीच्या सेवेत जाऊ लागला. थोरांची चरित्रे लिहिताना अशा जागा झाकून पुढे जाण्याची आपली रीत आहे. मला ते करावेसे वाटत नाही. का, ते शेवटी सांगेन.

इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांबलचक समुद्रकिनारा आहे. भरती ओसरली की तिथली ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते. तीच बर्टची तालीम. या वाळूवर १९५७ साली त्याने ताशी २११ किलोमीटरचा वेग गाठला. तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाला माणूस निवृत्तीचे अर्ज भरतो. पुढे छातीत दुखू लागले. हृदयविकाराचे निदान झाले. वय, आजार आणि पैशाची चणचण, तिन्ही बाजूंनी एकच सल्ला मिळत होता की आता पुरे.

परंतु त्याच्या मनात एक पंढरी होती. अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे पठार आहे. प्राचीन काळी तिथे प्रचंड सरोवर होते. ते आटले आणि मैलोन्‌मैल पांढरेशुभ्र, सपाट मीठ मागे राहिले. झाड नाही, वळण नाही. जगातले वेगवेडे आपापली यंत्रे घेऊन तिथे जमतात. विषुववृत्त ओलांडून, अथांग महासागर पार करून बर्ट मन्रो आपली गाडी घेऊन तिथे पोहोचला, तोही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पायी वारी करणाऱ्या आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना मी लहानपणापासून पाहतो. गुडघे दुखतात म्हणून त्यांची वारी चुकत नाही. बर्टला वारकरी म्हटले तर ते म्हातारे रागावणार नाहीत, असे मला वाटते.

१९६२ साली तिथे त्याने ताशी सुमारे २८८ किलोमीटर वेगाने गाडी पळवून आपल्या वर्गातला विक्रम केला. तेव्हा स्वार त्रेसष्ट वर्षांचा आणि वाहन बेचाळीस वर्षांचे होते! १९६६ साली आणखी एक विक्रम झाला. आणि १९६७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, त्याने एक हजार सी.सी.च्या आतील वर्गात ताशी २९५ किलोमीटरहून अधिक वेगाची नोंद केली. पात्रता फेरीत एका दिशेने तर ३०५ किलोमीटरचा आकडा लागला होता. विक्रम मात्र दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी काढून ठरतो, म्हणजे वाऱ्याची मदत हिशेबातून जाते. त्याच वर्षी एका धावेत गाडी निम्म्या वाटेवर थरथरू लागली. वेग कमी व्हावा म्हणून बर्ट कवचातून वर उठून बसला, तो वाऱ्याने त्याचा चष्मा उडवून नेला. डोळ्यांपुढे अंधार. बाजूला रोवलेली लोखंडी खूण थोडक्यात चुकली. अखेर त्याने गाडी मिठावर आडवी केली आणि थोड्याशा खरचटण्यावर निभावले.

पुढे प्रकृतीने साथ सोडली. १९७७ साली पक्षाघाताचा झटका आला. आपल्या गाड्या आपल्याच मुलखात राहाव्यात म्हणून त्याने त्या इन्व्हरकार्गिलच्याच एका व्यापाऱ्याला विकल्या, आणि ६ जानेवारी १९७८ रोजी त्याने जगाचा निरोप घेतला. २००५ साली त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि जगभरच्या लोकांना त्याची ओळख झाली. त्यात अँथनी हॉपकिन्स या नटाने त्याची भूमिका केली आहे. परंतु सर्वांत गंमतीची गोष्ट २०१४ साली घडली. बर्टच्या मुलाच्या लक्षात आले की १९६७ सालच्या सरासरीच्या हिशेबात चूक झाली होती. अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने ती मान्य केली आणि विक्रम ताशी २९६.२६ किलोमीटर असा सुधारून दिला. मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी या माणसाचा वेग वाढला! आणि तो वाढविला त्याच्या मुलाने, हे विशेष.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. जुनी गाडी म्हणजे नुसती जुनी कधी, आणि अभिजात कधी? आपल्या देशात २०२१ साली याविषयी नियम झाला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी ही विंटेज मानली जाते. नियम चांगलाच आहे. जुन्या वस्तू जपल्या पाहिजेत. पण या मापाने बर्टची गाडी मोजली तर ती चक्क नापास होते. १९६७ साली ती पन्नासची झालेली नव्हती, आणि तिच्या इंजिनात कारखान्यातून आलेले फारच थोडे उरले होते. तरीही ती आज इन्व्हरकार्गिलमध्ये एका लोखंडी सामानाच्या दुकानात, खिळे-मोळे आणि हत्यारांच्या शेजारी दिमाखात उभी आहे आणि लोक दुरून तिच्या दर्शनाला येतात. ती बनविणाऱ्या मूळ कंपनीचे उत्पादन तर १९५३ सालीच थांबले होते. नाव पुढे दुसऱ्यांनी चालविले, पण ५० आर ६२७ चे आयुष्य चालविले ते एका माणसाच्या हातांनी.

आमच्या घरी एक कुऱ्हाड आहे. तिचा दांडा तीनदा बदलला, पाते एकदा. तरी ती आजोबांचीच कुऱ्हाड आहे आणि त्यात कुणालाही शंका नाही. वस्तू अभिजात होते ती वर्षे मोजून नव्हे आणि काचेच्या कपाटात ठेवूनही नव्हे. तिच्यावरचा हात सुटत नाही तोवर ती मोडीत निघत नाही, असे माझे नम्र मत आहे. आणि माणसाचेही बहुधा तसेच असावे.

हे सारे मी आप्पांना सांगितले. ओट्यावर बसून ते कार्बोरेटर रॉकेलात धूत होते. भंगारवाल्याला द्यायच्या गाडीचा कार्बोरेटर कशाला धुवायचा, हे मी विचारले नाही. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले की हा माणूस दिवसरात्र गाडीपाशी असायचा, तर त्याच्या पोरांचे काय झाले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. आप्पांनी स्वतःच्या गाडीचा वेग कधी वाढविला नाही. तिच्यावर पंप वाहिले, आणि त्या पैशांतून आमच्या घराण्यातला पहिला मुलगा महाविद्यालयात आला. त्यांचा विक्रम कुठल्याही वहीत लिहिलेला नाही. बर्टच्या घटस्फोटाची गोष्ट मी झाकली नाही ती याचसाठी. बर्ट मन्रो थोर होता. पण गाडीच्या मागे बसवून चार पोरांना शाळेत सोडणाराही लहान नव्हता, हे मला त्या ओट्यावर कळले.

सुट्टी संपवून निघालो तेव्हा आप्पांनी प्लग माझ्या हातात दिला आणि फट बघायला सांगितली. त्यांना दिसत नव्हती, मला दिसत होती. मी पत्ती घालून ती बरोबर केली. त्यांनी किक मारायला मलाच पुढे केले. तिसऱ्या खेपेला गाडी बोलली. भंगारवाल्याचे काय ठरले ते आप्पांनी सांगितले नाही; पण एस.टी. स्टँडवर मला सोडायला ते त्याच गाडीवरून आले. चालवीत होतो मी, आणि मागे बसले होते आप्पा.

— द्वितीय वर्ष कला