टवाळीला न ढळणारे नाथमहाराज

फाल्गुन लागला की आमच्या जुन्या जालन्यात पैठणच्या वाटेची बोलणी सुरू होतात. नाथषष्ठीला जालन्याकडच्या दिंड्या गोदाकाठी जातात. त्यांत लहान पोरेही चालतात. दिंडीत ती माळ मोठ्या डौलाने मिरवतात. पण शाळेत कोणी बुवा म्हणून चिडविले, की तीच माळ सदऱ्याच्या आत जाते. अशा पोरांना नाथांचे चरित्र सांगावे, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहो.

नाथांचा जन्म पैठणचा, इ. स. १५३३ च्या सुमाराचा. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईबाप लहानपणीच गेले; आजोबा चक्रपाणींनी नातवाला वाढविले. पुढे देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या चरणी ते राहिले. तेथे हिशेबातली एका पैची चूक काढण्यासाठी ते रात्रभर दिव्यापुढे बसले, ही कथा सर्वांना ठाऊकच आहे. जे हाती घेतले ते सोडायचे नाही, हा त्यांचा स्वभाव तेव्हापासूनचा.

गुरूंच्या आज्ञेने ते पैठणास परतले आणि गिरिजाबाईंसह प्रपंच मांडला. पैठण म्हणजे दक्षिणेची काशी, शास्त्रीपंडितांचे गाव. तेथे नाथ प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीत, पुराण सांगू लागले. झाले! विद्वान हसू लागले. नाथांना संस्कृत येत नव्हते असे थोडेच होते? भागवताचा एकादश स्कंध त्यांना पुरता अवगत होता. आम्हीही पाठशाळेत सूत्रे घोकली आहेत. संस्कृताची थोरवी आम्हांस कोणी सांगायला नको. पण आईचे दूध सोन्याच्या वाटीतूनच पाजावे, असा हट्ट धरला तर लेकरू उपाशी मरेल. नाथांनी ते लेकरू पाहिले.

टवाळी केवळ पंडितांचीच होती असे नाही. गोदेत स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक यवन वारंवार थुंकला आणि नाथ तितक्याच वेळा पुन्हा स्नानाला गेले, ही कथा परंपरेने सांगतात. यात सहनशीलता तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की थुंकणाऱ्यासाठी त्यांनी आपली वाटही बदलली नाही आणि आपला स्वभावही बदलला नाही. रागावून उत्तर दिले असते, तर नाथ त्याच्यासारखे झाले असते. दुसऱ्या घाटाने गेले असते, तर भ्यालेले ठरले असते.

एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणात झाले. त्यांची वार्ता काशीस गेली आणि तेथील पंडितांनी जाब विचारण्यासाठी नाथांना बोलाविले, असे चरित्रकार सांगतात. नाथ गेले. ग्रंथ तेथेच शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेस पूर्ण झाला. हसणाऱ्यांच्याच गावी त्यांनी मराठी ग्रंथ तडीस नेला! पुढे शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आज आपण पारायण करतो, त्यात हे श्रम आहेत.

बाहेरच्यांचे बोलणे एक वेळ सोसते. घरचे बोलणे काळजाला लागते. पुत्र हरिपंडित मोठे संस्कृतज्ञ. बापाचे मराठी पुराण त्यांना रुचेना, म्हणून ते रुसून काशीस गेले. नाथ स्वतः त्यांना आणायला गेले. मराठीत पुराण सांगू नये आणि परान्न घेऊ नये, अशा अटी मुलाने घातल्या, त्याही नाथांनी लेकासाठी मान्य केल्या. मग हरिपंडित संस्कृतात सांगू लागले; पण श्रोते आटले, वाडा ओस पडला. शेवटी एका गरीब बाईच्या घरी नाथ जेवले आणि हरिपंडितांनी पत्रावळ उचलली, तर खाली दुसरी, तिच्या खाली तिसरी! सहस्रभोजनाचा तिचा संकल्प असा पुरा झाला आणि मुलाचे डोळे उघडले, असे परंपरा सांगते. नाथांनी मुलाशी वाद घातला नाही, मनातला भावही सोडला नाही.

आता पोरांनी नीट ऐकावे अशी गोष्ट. नाथांच्या घरी गावबा नावाचा एक मुलगा होता. त्याला पुरणपोळी फार प्रिय, म्हणून लोक त्याला पुरणपोळ्या म्हणून चिडवीत. बुद्धीने मंद समजत. नाथांनी मंत्र देऊ केला, तर एकनाथ या नावाखेरीज दुसरा मंत्र तो म्हणेना! लोकांना केवढे हसू आले असेल? नाथांनी मात्र त्याचा भाव मोडला नाही. भावार्थ रामायण लिहिता लिहिता युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत नाथ आले आणि शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस त्यांनी गोदेत देह ठेवला. उरलेला ग्रंथ कोणी पुरा केला? परंपरा सांगते, त्या गावबाने.

स्वतः टवाळी सोसलेल्या नाथांनी टवाळीतल्या लेकराचे मोल ओळखले. तेव्हा आईबापांनो, पोराला कोणी चिडविले तर माळ काढ म्हणू नका, मारामारी कर असेही सांगू नका. त्याला गावबाची गोष्ट सांगा. आणि आपलेच पोर दुसऱ्याच्या पोराला नाव ठेवीत असेल, तर त्याला ती दोनदा सांगा.

रामकृष्णहरि.