चिको मेंडिस : अरण्यातील नागरिक

हवामानबदल हा शास्त्र शाखेचा विषय आणि लोकशाही आम्हा राज्यशास्त्रवाल्यांचा, अशी वाटणी आपण सोयीसाठी करून टाकली आहे. ती किती पोकळ आहे हे ब्राझीलमधील एका रबर-कामगाराच्या चरित्रावरून मला जितके स्पष्ट दिसले, तितके कोणत्याही क्रमिक पुस्तकातून दिसले नाही. त्याचे नाव फ्रान्सिस्को आल्व्हेस मेंडिस. जग त्याला चिको मेंडिस म्हणून ओळखते.

15 डिसेंबर 1944 रोजी ॲमेझॉनच्या आक्रे प्रांतात, शापुरी गावाबाहेरील रानात तो जन्मला. नवव्या वर्षापासून तो बापाबरोबर रबराच्या झाडांना खाचा पाडून चीक गोळा करू लागला. उजाडण्यापूर्वी निघायचे, म्हणून हे लोक कपाळावर दिवा बांधत. त्याला ते ‘पोरोंगा’ म्हणतात. त्या रानात शाळा नव्हती, आणि ती मुद्दामच नव्हती. मालकाच्या दुकानातून जिन्नस उधार घ्यायचे, रबर घालून ते फेडायचे, आणि हिशेब मालकाच्या वहीत! ज्याला वही वाचता येईल त्याला तीतली लबाडीही वाचता येईल. सावकाराच्या कागदावरचा अंगठा आपल्याकडे तरी कोणाला अपरिचित आहे?

चिकोला अक्षरे शिकविली ती रानात लपून राहिलेल्या एका बंडखोर माजी लष्करी अधिकाऱ्याने. त्याचे नाव युक्लिदेस तावोरा. पुस्तके नव्हती, जुनी वर्तमानपत्रे हीच क्रमिक पुस्तके. पुढे एक रेडिओ आला. 1964 साली ब्राझीलमध्ये लष्कराने निवडून आलेले सरकार उलथून टाकले, तेव्हा या गुरुशिष्यांनी ती बातमी निरनिराळ्या देशांच्या केंद्रांवरून ऐकली आणि एकच घटना किती तऱ्हांनी सांगितली जाते ते ताडून पाहिले. राज्यशास्त्राचा याहून चांगला तास मला ठाऊक नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्राझीलमध्ये निरक्षराला 1985 पर्यंत मताचा अधिकारच नव्हता. म्हणजे ज्यांचे आयुष्य त्या अरण्यावर अवलंबून, त्यांतल्या बहुतेकांचे अरण्याविषयीचे मत मोजलेच जात नव्हते.

लष्करी राजवटीने 1970 नंतर दक्षिणेकडील धनिकांना आक्रेत जमिनी घेण्यास उत्तेजन दिले. गुरांच्या कुरणांसाठी रान तोडून जाळले जाऊ लागले. चिको 1975 पासून शेतमजुरांच्या संघटनेत पडला. तोडणी सुरू झाली की शेकडो माणसे, बायकामुलांसह, करवतवाल्यांसमोर जाऊन उभी राहत आणि त्यांना समजावून परत पाठवीत. यास ते ‘एंपाते’ म्हणत. (चिको आणि आपले 1973 चे ‘चिपको’ यांतील नामसाम्य हा केवळ योगायोग, पण किती गोड!) 1980 साली त्याचा सहकारी विल्सन पिन्येरो याचा खून झाला. खुद्द चिकोवर राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याखाली लष्करी न्यायालयात खटला चालला. तरीही रानात प्रौढांच्या शाळा निघाल्या. त्यांच्या अंकलिपीचे नाव ठेवले होते ‘पोरोंगा’.

1985 मध्ये लष्कर बाजूला झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात देशभरातले रबर-कामगार राजधानी ब्राझीलियात जमले, आणि तेथून राखीव वनाची नवी कल्पना पुढे आली : जमीन सरकारची राहावी, उपभोग तेथे राहणाऱ्यांचा असावा, जंगल उभे राहावे. 1987 साली चिको अमेरिकेत गेला आणि ज्या बँकेच्या कर्जातून अरण्यात रस्ता जाणार होता, त्या बँकेला रानातल्या माणसांचे म्हणणे त्याने ऐकविले. कर्जाचे हप्ते थांबले.

पण मतपेटी आली म्हणून बंदूक जात नाही. नवी राज्यघटना 5 ऑक्टोबर 1988 रोजी अमलात आली. 22 डिसेंबरला चिको आपल्याच घराच्या मागच्या दारात गोळी लागून पडला. संरक्षणासाठी दिलेले दोन पोलीस त्या वेळी घरातच होते. तो 44 वर्षांचा होता. जमीनदार दार्ली आल्व्हेस आणि त्याचा मुलगा दार्सी यांना 1990 साली प्रत्येकी 19 वर्षांची शिक्षा झाली.

ॲमेझॉनची झाडे अब्जावधी टन कार्बन धरून आहेत. ती जाळली की तो हवेत जातो. रबर-कामगाराच्याच घरात वाढलेली, सोळाव्या वर्षापर्यंत निरक्षर असलेली चिकोची सहकारी मारिना सिल्वा 2003 मध्ये पर्यावरणमंत्री झाली. 2004 साली ॲमेझॉनमध्ये सुमारे 27,700 चौरस किलोमीटर रान तुटले होते. 2012 साली ते 4,600 वर आले. पुढे दुसऱ्या विचाराचे सरकार, तेही निवडूनच, आले आणि 2021 साली आकडा 13,000 च्या वर गेला. 2024 मध्ये तो पुन्हा सुमारे 6,300 वर उतरला. एका निवडणुकीने मिळविलेले दुसरी घालवू शकते, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. मात्र हुकूमशाहीत हे आकडे विचारण्याचीही सोय नव्हती.

12 मार्च 1990 रोजी चिकोच्या नावाने सुमारे 9,70,000 हेक्टरांचे राखीव वन जाहीर झाले. रबराला पूर्वीचा भाव उरला नाही, म्हणून तेथील काही कुटुंबांनी आता गुरे पाळली आहेत. त्यांच्या कुरणांसाठी त्याच वनातली झाडे पडत आहेत.