क्लॅरेन्स किंग

१८७६ सालीं अमेरिकेंत एक मोठा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. एक इंचास चार मैल अशा प्रमाणाच्या त्या नकाशांत ओसाड डोंगरांच्या रांगांमधून आगगाडीची बारीक रेघ गेलेली दिसते. हें काम ज्याच्या देखरेखीखालीं झालें, त्या क्लॅरेन्स किंगचा जन्म ६ जानेवारी १८४२ रोजीं न्यूपोर्ट गांवीं झाला. वडील लहानपणींच वारल्यामुळें मातेनेंच त्यास वाढविलें. १८६२ सालीं येल येथें पदवी घेऊन तो पुढील वर्षीं कॅलिफोर्नियाच्या भूस्तर-पाहणींत बिनपगारी मदतनीस झाला.

१८६७ सालीं, अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, चाळिसाव्या अक्षांशालगतच्या प्रदेशाची पाहणी सरकारनें त्याजकडे सोंपविली. नवा लोहमार्ग याच पट्ट्यांतून जावयाचा होता. सुमारें शंभर मैल रुंदीची भूमि मोजावयाची आणि नेव्हाडांतील रुप्याच्या खाणी तपासावयाच्या, असें तें काम होतें. पहिल्याच उन्हाळ्यांत हिंवतापानें बहुतेक मंडळी अंथरुणास खिळली. पुढें एका शिखरावर मोजणीचें यंत्र लावीत असतां विजेचा धक्का बसून किंगचा हात कित्येक दिवस बधिर झाला.

१८७२ सालीं दोघां इसमांनीं हिऱ्यांची खाण सांपडल्याची आवई उठविली. जागा गुप्त होती. तरी मोठमोठे सावकार फसले व एक कोटि डॉलर भांडवलाची कंपनी उभी राहिली. ही खाण किंगनें पाहिलेल्या प्रदेशांत असेल, तर त्याची सारी पाहणीच खोटी ठरत होती! त्याच्या मंडळींनीं आपल्याच मोजणीच्या ज्ञानावरून ती जागा हुडकून काढली. थंडी कडाक्याची होती. वारुळांत माणकें सांपडत, परंतु त्याच वारुळांस काठीनें पाडलेलीं भोंकें होतीं. जेथें माती हललेली नव्हती तेथें एकही खडा नव्हता. किंग तडक सान फ्रान्सिस्कोस गेला. बातमी कांहीं काळ दाबून ठेवावी, अशी कंपनीच्या चालकांनीं गळ घातली. त्यानें ती मानली नाहीं.

१८७९ सालीं तो अमेरिकेच्या भूस्तर-पाहणी खात्याचा पहिला प्रमुख झाला. दोनच वर्षांत त्यानें तें पद सोडलें. नंतरच्या खाण-व्यवहारांत त्यास फारसें यश आलें नाहीं.

लोकांचें कपट उघडें करणाऱ्या या पुरुषानें घरीं मात्र एक गुपित राखलें. १८८८ सालीं त्यानें गुलामगिरींत जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीशीं विवाह केला. त्या काळचा वर्णद्वेष भयंकर होता हें खरें. पण त्यानें मित्रांस विवाह कळविला नाहीं आणि पत्नीस आपलें नांवही खोटेंच सांगितलें. क्षयानें जर्जर होऊन तो अरिझोनांत गेला. खरें नांव तिला कळलें तें तेथून आलेल्या पत्रानें. २४ डिसेंबर १९०१ रोजीं तो तेथेंच वारला.