कोरसमधील मुलींची कैवारी : मारी ड्रेसलर

चार्ली चॅप्लिनचे नाव ठाऊक नाही असा वाचक विरळा. १९१४ सालच्या ज्या लांब विनोदी मूकपटात चॅप्लिनने काम केले, त्यात नायिका मात्र एक धिप्पाड, पोक्त वयाची स्त्री होती, आणि जाहिरातीत मोठे नाव तिचेच असे. ती मारी ड्रेसलर. तिच्या विनोदाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे तिची ओळख करून देत आहो ती १९१९ सालच्या नटांच्या संपामुळे.

९ नोव्हेंबर १८६८ रोजी कॅनडातील कोबर्ग या गावी तिचा जन्म झाला. वडील संगीतशिक्षक, मिळकत बेताची. चौदाव्या वर्षी वय वाढवून सांगून मारी एका फिरत्या नाटक कंपनीत शिरली. घराण्याचे नाव रंगभूमीवर नको, अशी वडिलांची इच्छा. म्हणून नात्यातील एका स्त्रीचे आडनाव तिने घेतले. रूप बेताचे आणि अंग थोराड, तेव्हा नायिकेची भूमिका कोण देणार? कोरसमध्ये, म्हणजे मागे ओळीने उभ्या राहून गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींत, तिला जागा मिळाली. पगार आठवड्यास आठ डॉलर. पुढे १८९६ साली ‘लेडी स्लेव्ही’ या संगीत नाटकाने न्यूयॉर्कमध्ये तिचे नाव झाले आणि ड्रेसलरबाई मोठ्या पगाराच्या नटी बनल्या.

परंतु मागच्या ओळीतील मुलींची स्थिती होती तशीच राहिली. नाटकाच्या तालमी आठवडेच्या आठवडे चालत आणि त्या काळाचा एक पैसाही मिळत नसे. पायमोजे, बूट, कित्येकदा पोशाखही पदरचे. जादा खेळाचे वेतन नाही. परगावी नाटक पडले तर मालक गाशा गुंडाळून निघून जाई, आणि परतीच्या भाड्यावाचून नटमंडळी तेथेच अडकून पडत.

या जाचास कंटाळून १९१३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या नटांनी ‘ॲक्टर्स इक्विटी’ ही संघटना स्थापन केली. योगायोग असा की, त्याच वर्षी आपल्याकडे बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. आपले नट स्वतःच मालक झाले. अमेरिकेतील नटांनी नोकर राहूनच करारनामा मागितला. दोन्ही वाटा धाडसाच्याच. पण पहिल्या वाटेने मोजकेच जाऊ शकतात, असे आम्हांस वाटते.

मालकांनी संघटनेस मान्यता नाकारली, तेव्हा ७ ऑगस्ट १९१९ रोजी संप सुरू झाला. कोरसमधील मुलींचे काय, हा प्रश्न तत्काळ उभा राहिला. त्यांच्यासाठी ‘कोरस इक्विटी’ हा स्वतंत्र संघ निघाला आणि पहिल्या अध्यक्षा म्हणून ड्रेसलरबाईंची निवड झाली. त्या वेळी त्यांचे वय पन्नास. त्यांना स्वतःसाठी मागण्यासारखे काहीच नव्हते. तरीही त्या मुलींना घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि संपाच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगांत राबल्या. वाद्यवृंदातील वादक आणि पडदे-दिवे सांभाळणारे कामगार संपास येऊन मिळाल्यावर नाट्यगृहे अंधारात बुडाली. जॉर्ज कोहान यांच्यासारखा नामवंत नट-मालक अखेरपर्यंत विरोधात राहिला, पण महिनाभरात, ६ सप्टेंबरला, मालकांना तडजोड करावी लागली. आठवड्यास आठ प्रयोग ठरले, फुकट तालमींना मर्यादा पडली, आणि कोरसच्या मुलींना पोशाख व पायमोजे मालकाकडून मिळू लागले.

याची किंमत ड्रेसलरबाईंनी मोजली. मालकांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखेच केले. वाढते वय आणि पालटलेली अभिरुची हीही कारणे असतील. तथापि एवढ्या मोठ्या नटीला काम मिळेनासे व्हावे, याचा खुलासा केवळ त्यांनी होत नाही. ती वर्षे हलाखीत गेली. अखेर फ्रान्सिस मॅरियन या पटकथालेखिकेच्या खटपटीने १९२७ साली त्यांना हॉलिवूडमध्ये काम मिळाले. पुढे बोलपट आले, ग्रेटा गार्बोबरोबर ‘ॲना ख्रिस्टी’ गाजला आणि ‘मिन अँड बिल’मधील भूमिकेबद्दल १९३१ साली त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. साठी उलटलेली ही स्थूल स्त्री त्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय चित्रतारका होती!

२८ जुलै १९३४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वर्षानुवर्षे सोबत राहिलेल्या मोलकरणीस आणि तिच्या नवऱ्यास त्यांनी मृत्युपत्रात आठवणीने पैसे ठेवले होते. तालमीच्या दिवसांचे वेतन नटांना मिळू लागले ते त्यानंतर, १९३५ साली. त्यांचा कोरस-संघ १९५५ मध्ये मूळ संघटनेत विलीन झाला.