गोदाराणी आणि गवताचा दर

भातझोडणी उरकली की वावर आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची बिऱ्हाडं वीटभट्टीच्या वाटेला लागतात. बऱ्याच जणांनी उचल आधीच घेतलेली असते. अशा वेळी गोदावरीबाई परुळेकरांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ सालचा, पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यातला. वडील नामांकित वकील. बाईही कायद्याची पदवी घेतलेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या महिलांपैकी. पण वकिली न करता त्या भारत सेवक समाजात गेल्या. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न झालं आणि दोघंही किसान सभेच्या कामाला लागले.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू, उंबरगाव भागातल्या वारल्यांची स्थिती काय होती? जमीन सावकाराच्या घशात गेलेली. खावटीचं भात घ्यायचं नि फेडता फेडता आयुष्य संपायचं. लग्नासाठी थोडं कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही लग्नगडी म्हणून राबायची. जोडीला वेठबिगार होतीच. संघर्षाचं बी इथंच पेरलं गेलं होतं.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान परिषद भरली. तिथं काही वारली मंडळी आली आणि त्यांनी आपली कहाणी सांगितली. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारोंची सभा झाली. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं ठरलं. लोकांनी वाडीवाडीवर जाऊन लग्नगडी सोडवले. पिढ्यान्‌पिढ्यांची चाल काही आठवड्यांत मोडली. लोक बाईंना गोदाराणी म्हणू लागले.

मग आला गवतकापणीचा हंगाम. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये द्या, एवढीच मागणी. जमीनदारांनी ती धुडकावली, म्हणून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी बाई येणार, असा खोटा निरोप पसरला आणि तलवाड्याला हजारो लोक जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं. पण संप मोडला नाही, जमीनदारांना मजुरी वाढवावी लागली.

आमचं जव्हार त्या वेळी वेगळं संस्थान होतं, ते १९४८ मध्ये विलीन झालं. ही चळवळ पुढे जव्हार, मोखाड्यातही पोचली. शामराव १९६५ मध्ये वारले, तरी बाईंनी काम सोडलं नाही. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या गेल्या.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पाच माणसं गेली ती कशापायी? गवताचा दर वेळेवर, समोरासमोर बसून ठरला नाही म्हणून. वाद बंदुकीपर्यंत जातो तो एका दिवसात नाही. आधी वर्षानुवर्षं हिशेब लपवलेला असतो. लग्नगडी गेला, पण उचल अजून आहे. म्हणून उचल घेताना रक्कम, दर आणि दिवस लिहून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या, मगच अंगठा करा. आणि शक्य तिथं पोरांना शाळेतच राहू द्या. पुढचा हिशेब तीच मांडणार आहेत.